पाहिलं, म्हणून जाणलं : 'विद्' धातूचा प्रवास



पत्रिकेवर आजचा विषय 'एका धातूची गोष्ट' असा छापला आहे. धातू म्हणजे तांबं-पितळ नव्हे, व्याकरणातला धातू, हे आधी सांगून टाकतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. भाषाशास्त्र हे माझं घर नव्हे, शेजाऱ्याचं घर आहे. पण आमच्या विषयातल्या माणसाची एका प्रश्नातून कधी सुटका होत नाही. जाणणं म्हणजे काय? मला अमुक गोष्ट माहीत आहे असं मी म्हणतो, तेव्हा मी नेमकं काय म्हणत असतो? या प्रश्नाचं उत्तर तत्त्वज्ञांनी अडीच हजार वर्षं दिलं आहे. भाषेने त्याच्याही आधी दिलं होतं. ते उत्तर काय होतं, कसं शोधून काढलं आणि पुढे त्याचं काय झालं, एवढंच आज बोलायचं आहे.

आपला धातू आहे 'विद्'. मराठीत त्याचं गणगोत केवढं आहे बघा. विद्या, विद्यार्थी, विद्यापीठ, विद्वान, वेद, वैद्य, विदित, विद्यमान, निवेदन, नैवेद्य, वेदना, संवेदना. आता दुसरी यादी सांगतो. व्हिडिओ, व्हिसा, टेलिव्हिजन, आयडिया, हिस्टरी, स्टोरी, इंटरव्ह्यू. या दोन्ही याद्यांमधले शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. पहिले घरातले, दुसरे इंग्रजीच्या बोटीतून उतरलेले. पण मूळ एक.

हे ऐकल्यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. काहींना वाटतं, शब्दांची नुसती ओढाताण आहे. काहींना वाटतं, बघा, सगळं आपलंच! दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. का, ते क्रमाने पाहू.

साम्य नव्हे, नियम

१७८६ च्या फेब्रुवारीत कोलकात्याला एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी वार्षिक भाषण केलं. पेशाने ते न्यायाधीश. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तीन भाषांच्या धातूंत आणि व्याकरणाच्या रूपांत इतकं साम्य आहे, की त्या एकाच उगमातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि तो उगम कदाचित आज उरलेलाही नसेल, असं त्यांनी मांडलं. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. 'आज उरलेला नसेल.' म्हणजे संस्कृत आई नाही, ग्रीकही आई नाही, या बहिणी आहेत आणि आई गेलेली आहे.

पुढे १८१६ मध्ये फ्रान्त्स बोप यांनी क्रियापदांची रूपं शेजारी शेजारी मांडून दाखवली. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलाचे नियम मांडले. ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरले. त्यांच्या नियमाचा एक तुकडा आपल्याला लागणार आहे. मुळातला 'द' जर्मानिक भाषांत 'ट' होतो. संस्कृत 'द्वौ', इंग्रजी 'टू'. संस्कृत 'दश', इंग्रजी 'टेन'. एखादा शब्द जुळला तर योगायोग म्हणता येईल. रांगच्या रांग त्याच पद्धतीने बदलत असेल तर त्याला नियम म्हणावं लागतं.

आणि नियम आहे म्हणूनच फसवी साम्यंही ओळखता येतात. संस्कृत 'देव', लॅटिन 'देउस' आणि ग्रीक 'थेओस', तिन्हींचा अर्थ देव. कानाला लॅटिन आणि ग्रीक शब्द अगदी भाऊ वाटतात. पण नियम लावला की कळतं, 'देव' आणि 'देउस' सख्खे, 'थेओस' मात्र परका. ग्रीकमध्ये मुळातल्या 'द'चा 'थ' होत नाही. कान फसतो, नियम फसवत नाही.

आता मुळात कुठेच लिहून न ठेवलेल्या भाषेतला शब्द सांगायचा कसा? तिच्या लेकींची रूपं एकत्र ठेवून मागे मागे जायचं. असं मागे जाऊन बांधलेल्या रूपाच्या डोक्यावर एक तारा काढतात. तारा म्हणजे: हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, हे अनुमान आहे. मला हा तारा फार आवडतो. आपल्याकडे नैयायिकांनी अनुमानाला प्रमाण मानलं, पण त्याला प्रत्यक्षाहून वेगळं ठेवलं. तो ताराही तेच सांगतो.

एक चमत्कारिक रूप

आपला तारांकित धातू साधारण 'वेइद्' असा होता. त्याचं पहिल्या पुरुषातलं रूप काय होतं, ते लेकींच्या तोंडून ऐका.

वेदकालीन संस्कृतात 'मी जाणतो' याला म्हणतात 'वेद'. इथे वेद हे नाम नव्हे, क्रियापद आहे. 'जो असं जाणतो, त्याला अमुक फळ मिळतं' अशी वाक्यं ब्राह्मणग्रंथांत आणि उपनिषदांत पुनःपुन्हा येतात, तिथे 'जाणतो'साठी हाच 'वेद' असतो. ग्रीकमध्ये 'मी जाणतो' म्हणजे 'ओइदा'. चौथ्या शतकात वुल्फिला यांनी बायबलचं गॉथिक भाषांतर केलं, त्या भाषेत 'वइत'. आजच्या जर्मनमध्ये 'वाइस'. अवेस्ताच्या भाषेत 'वएदा'. आर्मेनियनमध्ये 'गितेम', कारण त्या भाषेत मुळातल्या 'व'चा 'ग' होतो.

आता बहुवचन, 'आम्ही जाणतो'. संस्कृत 'विद्म'. होमरच्या ग्रीकमध्ये 'इदमेन'. गॉथिक 'वितुम'. जर्मन 'विसेन'. लक्षात येतंय का? एकवचनात स्वर मोठा, बहुवचनात आखूड. वेद-विद्म, ओइदा-इदमेन, वइत-वितुम, वाइस-विसेन. आज बर्लिनमधलं शाळकरी पोर 'इश वाइस' आणि 'वीर विसेन' असं घोकतं, तेव्हा ते ऋग्वेदाच्या व्याकरणातलाच नियम पाळत असतं. त्याला ते माहीत नसतं, हा भाग निराळा.

याहून विशेष गोष्ट पुढे आहे. 'वेद' हे रूप वर्तमानकाळाचं नाही. संस्कृतचे विद्यार्थी ज्याला लिट् किंवा परोक्ष भूतकाळ म्हणतात, त्याचे प्रत्यय याला लागतात. पण लिट्‌मध्ये धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं. चकार, ददर्श, बभूव. 'वेद'मध्ये दुप्पट होत नाही. बरं, ग्रीकमध्येही या प्रकारच्या रूपात पहिलं अक्षर दुप्पट होतं, आणि 'ओइदा'मध्ये तेवढं होत नाही. म्हणजे अपवादही दोघींकडे एकच! आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांनी हे तत्त्व आग्रहाने मांडलं. भाषांचं नातं सिद्ध करायचं तर नियमित गोष्टींपेक्षा विक्षिप्त गोष्टी पाहाव्यात. दोन मुलांना दोन डोळे आहेत म्हणून ती भावंडं ठरत नाहीत. दोघांच्याही डाव्या पायाची करंगळी तशीच वाकडी असेल, तर आपण जरा थांबून बघतो.

भूतकाळ, पण आत्ताचा

मग 'जाणतो' या अर्थाला भूतकाळासारखं रूप का? कारण धातूचा मूळ अर्थ 'पाहणे' असा होता. लॅटिनमध्ये तो तसाच उरला: 'विदेओ', मी पाहतो. त्यातूनच आपला व्हिडिओ. रशियनमध्ये 'विदेत' म्हणजे पाहणं आणि 'वेदत' म्हणजे जाणणं, दोन्ही त्याच मुळाची. लिथुआनियनमध्ये 'वेइदास' म्हणजे चेहरा, जो दिसतो तो. तेव्हा 'वेद'चा, 'ओइदा'चा शब्दशः अर्थ होतो 'मी पाहिलं आहे'. आणि पाहिलं आहे, म्हणजेच मला माहीत आहे.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपण विचारतो, 'कळलं का?' समोरचा म्हणतो, 'कळलं.' रूप भूतकाळाचं, अर्थ आत्ताचा. 'आजोबा ओसरीवर बसलेत', इथे बसण्याची क्रिया संपली, बसलेपण चालू आहे. तसंच हे. पाहणं संपलं, पाहिलेपण उरलं. त्या उरलेल्या अवस्थेचं नाव ज्ञान.

काही अभ्यासकांचा कल 'पाहणे'पेक्षा 'सापडणे' या अर्थाकडे आहे. त्यालाही संस्कृतात आधार आहे. धातुपाठात विद् एकदा नव्हे, अनेकदा येतो. जाणणे, असणे, मिळणे, विचार करणे, असे त्याचे वेगवेगळे अर्थ आणि वेगवेगळे गण दिले आहेत. मिळण्याच्या अर्थी 'विन्दति', त्यातून परंपरेने सांगितलेला 'गोविंद', गाई शोधून आणणारा. असण्याच्या अर्थी 'विद्यते', त्यातून 'विद्यमान'. आधुनिक दृष्टीने हे एकाच मुळाचे फाटे आहेत. जे दिसतं ते सापडतं, जे सापडतं ते असतं, आणि जे दिसलं ते कळलेलं असतं. तत्त्वज्ञानातला ज्ञानाचा प्रश्न आणि अस्तित्वाचा प्रश्न एकाच धातूच्या पोटात बसलेले आहेत.

एक चिठ्ठी

चिठ्ठी आधीच आलेली दिसते. 'संस्कृत सर्वांत जुनी, मग तीच सर्व भाषांची जननी का नाही?' चांगला प्रश्न आहे. टाळणार नाही.

'वेद'मधला 'ए' घ्या. मुळात हा 'ए' नव्हता, 'अइ' होता. शाळेतली संधी आठवा. 'ने' अधिक 'अन' बरोबर 'नयन'. 'ए' फुटला की 'अय्' बाहेर येतो, कारण तो जोडस्वरच होता. तुर्कस्तानात हत्तुशा इथल्या उत्खननात घोडे शिकवण्याबद्दलचा एक मजकूर मिळाला. किक्कुली नावाच्या मितान्नी प्रदेशातल्या माणसाचा, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या सुमाराचा. त्यात एका फेऱ्यासाठी 'अइकवर्तन्न' असा शब्द आहे. आपलं 'एक', पण उच्चार 'अइक'. म्हणजे आपल्या ओळखीच्या संस्कृतच्याही आधीची पायरी तिथे मातीच्या विटेवर उमटलेली आहे.

दुसरा पुरावा 'चकार'. धातू 'कृ', मग दुप्पट करताना 'ककार' का नाही, 'चकार' का? कारण पहिल्या अक्षरात पूर्वी 'अ' नव्हता, 'ए' होता, आणि 'ए'च्या शेजारी 'क' मऊ होऊन 'च' झाला. नंतर तो 'ए' जाऊन 'अ' आला, पण 'च' तसाच राहिला. ग्रीकने तो जुना 'ए' जपला. संस्कृतने इतर पुष्कळ जपलं, जे ग्रीकने घालवलं. घरातलं जुनं सामान सगळ्या बहिणींनी वाटून नेलं. एकीकडेच सगळं नाही. यात संस्कृतची मानहानी नाही. उलट संस्कृतचं व्याकरण युरोपात पोचलं नसतं, तर हे शास्त्र उभंच राहिलं नसतं. पाणिनीने शब्द फोडून धातू वेगळा काढायला शिकवलं होतं, तेच हत्यार यांनी उचललं.

आणखी एक. भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. भाषा शिकता येते, रक्त शिकता येत नाही. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात या दोन गोष्टींची गल्लत झाली आणि तिची किंमत माणसांनी जिवाने मोजली. म्हणून हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

ग्रीसमध्ये : साक्षीदार, इतिहास, आयडिया

आता प्रवास. ग्रीकमध्ये सुरुवातीचा 'व' हळूहळू गळून गेला, म्हणून 'वोइदा'चं 'ओइदा' झालं. पण होमरच्या काव्यात काही ठिकाणी वृत्त अडखळतं, आणि 'व' घातला की सुरळीत होतं. हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड बेंटली यांच्या लक्षात आलं. पुढे काही ग्रीक बोलींच्या शिलालेखांत तो 'व' लिहिलेलाच मिळाला. 'विस्तोर' असा शब्द आहे, अर्थ साक्षीदार. ज्याने पाहिलं, म्हणून जो जाणतो. 'व' गळल्यावर तो 'हिस्तोर' झाला आणि त्यापासून 'हिस्तोरिया'. हेरोडोटसने आपल्या ग्रंथाला हा शब्द वापरला तेव्हा त्याचा अर्थ 'भूतकाळ' असा नव्हता, 'चौकशी' असा होता. आपल्या 'इतिहास' शब्दाची फोड होते 'असंच खरोखर होतं'. 'हिस्तोरिया' विचारते, 'कोणी पाहिलं?' इतिहासाच्या नावाने जिथे भांडणं होतात, तिथे हा दुसरा प्रश्न विचारून बघावा.

आणि 'एइदोस', 'इदेआ'. मूळ अर्थ रूप, दिसण्याचा घाट. प्लेटोने हा शब्द घेतला आणि उलटा केला. जे डोळ्याला दिसतं ते फक्त छाया. खरं रूप बुद्धीला दिसतं, त्याला त्याने 'इदेआ' म्हटलं. पाहण्याचा शब्द, पण जे डोळ्यांनी पाहता येत नाही त्याच्यासाठी. प्लेटोला या शब्दखेळाची जाणीव होती. मृतांच्या लोकाचा देव हेडीस. 'फीडो' संवादात तो या नावाचा संबंध 'न दिसणारा' याच्याशी लावतो. 'क्रॅटिलस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, छे, हे नाव 'न दिसणारा'वरून नाही, सगळं चांगलं 'जाणणं' यावरून आहे. दोन्ही शब्द मुळात एकाच धातूचे! म्हणजे भांडण एकाच घरातलं.

ड्रुइड आणि वेदपाठी

पश्चिमेला केल्टिक लोकांत जायचं तर 'ड्रुइड' हा शब्द बघा. हे त्यांचे पुरोहित, न्याय करणारे आणि शिक्षक. शब्दाचा दुसरा तुकडा आपला 'विद्'. पहिल्या तुकड्याबद्दल मतभेद आहेत. कोणी झाड म्हणतात, आपलं 'द्रुम', 'दारू' त्याचंच. कोणी 'पक्का, भक्कम' म्हणतात. ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात, सहाव्या भागात, त्यांचं वर्णन केलं आहे. तो सांगतो, हे लोक असंख्य पद्यं पाठ करवून घेतात, काही विद्यार्थी २० वर्षं शिकतात. इतर कामांसाठी ग्रीक लिपी वापरतात, पण ही विद्या लिहून ठेवत नाहीत. त्याच्या मते कारणं दोन. लिहिलं की मुलं पाठांतराकडे दुर्लक्ष करतात. आणि दुसरं, ही विद्या सामान्य लोकांत जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे.

इथे क्षणभर थांबा. पाठांतर, वर्षानुवर्षांचं गुरुगृह, न लिहिणं, आणि विद्या सर्वांना न देणं. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे की नाही?

घरी परत

आपल्याकडे एक गंमत झाली. संस्कृतात 'विद्'मधला पाहण्याचा अर्थ जवळजवळ पुसला गेला. पाहायला 'दृश्' आणि 'पश्य' हे दुसरे धातू आले. पण पाहणं आणि जाणणं यांची गाठ सुटली नाही. यास्काने निरुक्तात 'ऋषी' शब्दाचा संबंध पाहण्याशी लावला. मंत्र ऋषीने रचला असं म्हणत नाहीत, पाहिला म्हणतात. तत्त्वज्ञानाला आपण 'दर्शन' म्हणतो. आणि मराठीत? 'करून बघ', 'चाखून बघ', 'वास घेऊन बघ', 'ऐकून तर बघ'. नाक, जीभ, कान, सगळ्यांची कामं अखेर 'बघ'वर येऊन टेकतात. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लॅटिनबद्दल हेच नोंदवलं होतं.

मीमांसकांकडे मात्र एक मोठं वळण आलं. जैमिनी म्हणतो, धर्म जाणायला प्रत्यक्ष उपयोगाचं नाही, कारण प्रत्यक्ष फक्त समोर असलेल्याचं होतं. धर्म कळतो तो वेदातून, आणि वेद अपौरुषेय, कोणीही न रचलेला. ज्या शब्दाचा आदिम अर्थ 'मी पाहिलं आहे' असा होता, तो शब्द पाहून कधीच न कळणाऱ्या ज्ञानाचं नाव झाला! आणि केवळ प्रत्यक्षच प्रमाण, असं म्हणणारे चार्वाक वेदनिंदक ठरले. धातूच्या अर्थाशी जास्त इमानी कोण, हे तुम्हीच ठरवा. अर्थात व्युत्पत्तीने सिद्धांत खरा-खोटा ठरत नाही. मीमांसेचा युक्तिवाद मीमांसेच्या पातळीवरच तपासला पाहिजे. पण शब्द केवढं अंतर चालून गेला, ते तर दिसतं.

बौद्धांनी याच धातूचा वेगळाच शब्द पुढे आणला: वेदना. पालीत वेदना म्हणजे दुखणं नव्हे. सुखद, दुःखद आणि ना सुखद ना दुःखद, असा कुठलाही अनुभव म्हणजे वेदना. मराठीत आपण त्यातली एकच ठेवली, दुखणारी. बाकीच्यांसाठी 'संवेदना' शब्द घेतला. द्वादश निदानांची साखळी आठवा. पहिलं निदान अविद्या, सातवं वेदना. म्हणजे न जाणण्यापासून सुरुवात, आणि मध्ये जाणवणं. जाणणं आणि जाणवणं, दोन्ही 'विद्'मधून.

निवेदन म्हणजे कळवणं, नैवेद्य म्हणजे देवाला कळवलेलं अन्न. खेड्यात त्याला 'निवद' म्हणतात. आणि निवद आपण 'दाखवतो'. भाषाशास्त्र न शिकलेल्या बायकांनी तो जुना अर्थ क्रियापदात धरून ठेवला असं मी म्हणणार नाही, ते जास्त होईल. पण दाखवणं आणि कळवणं यांची सोयरीक किती सहज आहे, ते दिसतं. फारसीत याच उपसर्गाने आणि याच धातूने झालेला शब्द आहे 'नवीद', म्हणजे शुभवार्ता. तुमच्या ओळखीत कोणी नवीद असेल तर त्याला सांगा, तुझं नाव आमच्या नैवेद्याचं भावंड आहे.

वैदिक, वैद्य, वैदू

आता ज्यासाठी हा विषय घेतला, तिथे येतो. मराठीत तीन शब्द आहेत: वैदिक, वैद्य आणि वैदू. तिघांच्याही पोटात 'विद्'. वैदिक घनपाठ म्हणतो, त्याला दक्षिणा. वैद्य नाडी बघतो, त्याला फी. वैदू पाठीवर झोळी घेऊन मुळ्या विकत गावोगाव फिरतो, आणि त्याला? त्याला संशय. धातू एकच आहे, 'जाणणारा' हाच तिघांचाही अर्थ. जाणण्याची किंमत मात्र कोण जाणतो यावर ठरली. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. रशियनमध्ये 'वेदमा' म्हणजे चेटकीण. शब्दाचा मूळ अर्थ फक्त 'जाणती बाई'. जाणता पुरुष शहाणा, जाणती बाई चेटकीण.

गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं शिसं-कथील आणि लाख ओतावी अशी शिक्षा सांगितली आहे. ब्रह्मसूत्रांतल्या अपशूद्राधिकरणावर लिहिताना शंकराचार्यांनी हे वचन उद्धृत केलं आहे. मी आयुष्यभर शांकरभाष्य शिकवलं, आदराने शिकवलं. ब्रह्म सर्वत्र एकच आहे आणि अविद्या हेच बंधनाचं मूळ आहे, असं सांगणारा हा महान तत्त्वज्ञ. पण ज्याला अविद्या घालवायची आहे त्यातल्या काहींसाठी त्याच ग्रंथात वेदाचं दार बंद आहे. हे पान उलटून पुढे जाता येत नाही. विद्यार्थ्यांपुढे तर नाहीच.

आपल्या भाषेत या बंद दारावर धडका बसलेल्या आहेत. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'विद्'ची दोन रूपं येतात. एकात वेद ज्याचं प्रतिपादन करतात तो, आणि दुसऱ्यात जो फक्त स्वतःच स्वतःला कळतो तो. वेदाचा मान ठेवून शेवटचा शब्द स्वानुभवाला दिलेला आहे. आणि हे मराठीत, साडेसातशे वर्षांपूर्वी. तुकोबा आणखी पुढे गेले. वेदाचा अर्थ आम्हालाच कळला, बाकीच्यांनी नुसता भार वाहिला, असं त्यांनी सरळ म्हटलं.

मग १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. १८८३ मधल्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभी जोतीरावांनी एक साखळी मांडली आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना ती पाठ असेल. विद्या नसल्याने एक गेलं, ते गेल्याने दुसरं, असं करत शेवटी सगळ्या अनर्थाचं कारण एकटी अविद्या. बौद्धांच्या निदानसाखळीशी तिची ठेवण किती जुळते पहा. तिथेही सुरुवात अविद्येपासूनच. जोतीरावांनी ती तिथून घेतली असा माझा दावा नाही. माझं लक्ष एका शब्दाकडे आहे. शंकराचार्यांची अविद्या म्हणजे ब्रह्म न कळणं. जोतीरावांची अविद्या म्हणजे शाळा न मिळणं. शब्द तोच, उपाय वेगळा. पहिलीवर श्रवण-मनन, दुसरीवर पाटी-पेन्सिल. आणि माझं मत विचाराल, तर दुसरी गेल्याशिवाय पहिलीबद्दल बोलण्याचा अधिकार समाज म्हणून आपल्याला येत नाही.

शब्दाचं मूळ शोधल्याने न्याय मिळत नाही, हे मला मान्य आहे. मूळ अर्थ म्हणजे खरा अर्थ, असंही नाही. तसं असतं तर प्रत्येक शब्दाला मागे ढकलत बसावं लागलं असतं. पण मूळ शोधल्याने एक गोष्ट होते. 'हे असंच होतं, अनादि काळापासून' असं कोणी म्हणालं, तर आपण म्हणू शकतो, थांबा, हा शब्द असा नव्हता. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा गवताळ मुलखात गुरं राखणारी माणसं हा धातू बोलत होती. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता, लिपी नव्हती. एखाद्याने विचारलं असेल, 'वासरू कुठे गेलं, माहीत आहे का?' आणि दुसऱ्याने उत्तर दिलं असेल, 'वोइद', पाहिलंय मी. एवढाच त्याचा अर्थ होता. ज्याला डोळे आहेत, त्याला तो म्हणता येत होता.

वेळ संपत आली आहे. बाकीच्या चिठ्ठ्यांची उत्तरं चहाच्या वेळी देईन.